वायकिंग क्लोकसाठी कापड कुठलं घ्यावं? आणि घोंगडी चालेल का?

लीड्सची_सांगलीकर

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे. हसलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

गेल्या वर्षी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या नादाने मी इथे इंग्लंडात एका रीएनॅक्टमेंट गटात शिरले, म्हणजे जुन्या काळातली माणसं बनून तेव्हाचं जगणं लोकांना दाखवायचं. (मराठी शब्द सुचवा कुणीतरी. ‘पुनर्रचना’ म्हटलं की मंत्रिमंडळाची बातमी वाटते.) आम्ही दहाव्या शतकातल्या यॉर्कची माणसं होतो. ८६६ साली डेन वायकिंगांनी यॉर्क घेतलं आणि ९५४ मध्ये तिथला शेवटचा वायकिंग राजा एरिक हाकलला गेला, त्या मधल्या काळातली. माझ्या वाट्याला एका व्यापाऱ्याच्या घरातली बाई आली आहे. टकळीवर लोकर कातायची, चुलीशी बसायचं आणि बघायला आलेल्या पोरांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. बार्लीच्या भाकऱ्या मला पहिल्याच दिवशी जमल्या, तिथे मात्र मी भाव खाऊन घेतला.

लिननचा आतला पोशाख शिवून झाला, वरचा लोकरीचा उसना मिळाला. आता फेब्रुवारीत यॉर्कला वायकिंग महोत्सव असतो, दिवसभर उघड्यावर उभं राहायचंय. क्लोक हवाच.

समोर तीन गोष्टी आहेत. कापडाच्या दुकानातलं ‘वूल-लुक’ कापड, दिसायला झकास आणि स्वस्त. देशी दुकानातलं करडं ब्लँकेट, जाडजूड, दुकानदार म्हणतो वूल आहे. आणि तिसरी माझ्या आजोबांची काळी घोंगडी. आई मागच्या खेपेला घेऊन आली, ‘थंडीत पायावर घे’ म्हणून. गटातल्या एकीने ती पाहिली आणि म्हणाली, अगं हेच की, काप आणि शिव!

तर घोंगडी चालेल का? आणि नसेल चालत, तर कापड घेताना नेमकं बघायचं काय? मला शिवणातलं हुक-काज एवढंच येतं, हे लक्षात ठेवून सांगा.

सुईदोरा

घोंगडीला कात्री लावू नका. बाकीचं संध्याकाळी लिहिते.

आजीची_गोधडी

+१. आजोबांच्या घोंगडीला कात्री लावशील तर लीड्सला येऊन हातावर पट्टी मारीन.

रिकामटेकडा

क्लोक म्हणजे झगाच ना? मग सरळ झगा म्हणा की.

उभाआडवा

झग्याला बाह्या असतात. क्लोक म्हणजे खांद्यावरून घ्यायचं, पिनेने अडकवायचं, बिनबाह्यांचं पांघरूण. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळ जाते ती घोंगडीची खोळ.

आता मूळ प्रश्न. मी कापडधंद्यातला माणूस, सध्या मुक्काम जर्मनी, आणि मुलगा असल्याच एका गटात आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी भाजून निघालोय.

‘वूल-लुक’ आधी बाद करा. अस्सलपणा वगैरे राहू दे, तुमच्या तळावर उघडी चूल असते. ते कापड नव्वद टक्के वेळा पॉलिएस्टर असतं. पॉलिएस्टर २५०-२६० अंशांच्या आसपास वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटून बसतं. लोकर पेटायलाच ५७० ते ६०० अंश लागतात. ठिणगी पडली तर तेवढा एक काळा ठिपका होतो आणि विझतो. चुलीशी वाकून बसणाऱ्या बाईच्या पाठीवर चार हात कापड लोंबत असणार, तेव्हा हा मुद्दा पहिला. सुती जाड कापडही नको, ते पेटतं आणि भिजलं की अंगाला चिकटून हुडहुडी भरवतं. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत दमटपणा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही.

दुकानदार काय म्हणतो त्यावर जाऊ नका. कापडाच्या कडेचे दोन-चार धागे ओढून घ्या आणि चिमट्यात धरून काडी लावा. लोकर असेल तर जळक्या केसांचा वास येईल, काडी बाजूला केली की विझेल, आणि राख बोटांत चुरली की भुगा होईल. पॉलिएस्टर आक्रसतं आणि टोकाला कडक मणी उरतो, तो चुरला जात नाही. कागद जळल्याचा वास आला तर सूत. एक मात्र, उभा धागा आणि आडवा धागा दोन्ही वेगवेगळे जाळून बघा. उभा एक आणि आडवा दुसराच, असं मिश्रण सर्रास असतं.

वाचनमात्र

वाचतोय. वाचनखूण साठवली. क्लोक शिवायचा काही योग नाही, तरी.

सुईदोरा

उभाआडवा यांनी आग सांगितली, मी वजन सांगते. लोक कापड बघतात आणि वजन विचारत नाहीत, मग रडतात.

क्लोकसाठी दर चौरस मीटरला ४०० ते ५०० ग्रॅमची लोकर बघा. ३०० च्या खाली गेलात तर वाऱ्यावर ओढणीसारखी उडत राहते. ६०० च्या वर गेलात तर खांदे बोलायला लागतात. हिशेब अगदी सोपा आहे. कापडाचा पन्हा बहुतेक १५० सेंमी असतो. त्यातला १८० सेंमी लांबीचा तुकडा घेतला तर २.७ चौरस मीटर होतात. ४५० ग्रॅमच्या कापडात सव्वा किलोच्या जरा आत. हे दिवसभर पेलवतं.

सिनेमात दाखवतात तसा पूर्ण गोल घेराचा हवा असेल आणि घेराची त्रिज्या १२० सेंमी धरली, तर साडेचार चौरस मीटर कापड आणि ५०० ग्रॅमच्या लोकरीत सव्वादोन किलो. कोरडं असताना! शिवाय एवढा गोल १५० च्या पन्ह्यात बसतच नाही, जोड द्यावा लागतो. अर्धवर्तुळ मात्र १५० च्या पन्ह्यात ३ मीटर लांबीतून बरोबर निघतं.

पण तुमच्या काळाला गोल-अर्धगोल कशाला? तुम्हाला सरळ चौकोनी तुकडा हवा आहे. मापाला कापला की झालं, एक टाका न घालता. म्हणून तर म्हटलं, घोंगडीला कात्री लावायचं कारणच नाही. ती आधीच क्लोकच्या आकाराची आहे!

लीड्सची_सांगलीकर

थांबा, म्हणजे मी दोन महिने यूट्यूबवर घेर कसा काढायचा ते बघत होते ते फुकट?

उभाआडवा

फुकट. टोप्यांसकट.

वायकिंग काळातली चित्रं आणि थडग्यांतल्या वस्तू बघितल्या तर चौकोनी लोकरी क्लोकच डोळ्यांसमोर येतो. पुरुष उजव्या खांद्यावर पिनेने अडकवायचे, म्हणजे उजवा हात तलवारीला मोकळा. बायकांच्या अंगावर दोन मोठ्या ब्रोचखेरीज (ब्रोच म्हणजे कापड अडकवायची शोभेची पिन) मधोमध एक तिसरा ब्रोच सापडतो, तो बहुधा वरच्या शालीचा किंवा क्लोकचा. तुम्ही छातीवर मध्ये अडकवा, चुलीशी वाकताना तेच सोयीचं.

कापडाबद्दल आपल्या हाती येतात ते तुकडे. स्वीडनमधल्या बिर्काच्या थडग्यांत ते ब्रोचच्या गंजाला चिकटून टिकले. आताच्या जर्मनीतल्या हेडेबीच्या बंदरात चिंध्या मिळाल्या, जहाजांना डांबर फासायला वापरून फेकलेल्या. म्हणजे जे जपून ठेवलं ते मातीत गेलं आणि जे पोतेरं केलं ते संग्रहालयात आलं. आणि तुमच्या यॉर्कमध्येच कॉपरगेटला १९७६ ते १९८१ खोदकाम झालं, तिथल्या ओल्या मातीत लोकर, लिनन, रेशीम, एक लोकरी मोजासुद्धा टिकून राहिलाय. लीड्सहून तासाभरावर आहे, जाऊन बघा.

या तुकड्यांत ट्विल भरपूर. म्हणजे आडवा धागा दोन उभ्यांवरून, दोघांखालून जातो आणि दर ओळीला एक घर सरकतो, त्यामुळे कापडावर तिरप्या रेघा उठतात. आपली जीन्स तिरकी दिसते तीच जात. बिर्काला शंकरपाळ्यासारख्या नक्षीचं बारीक ट्विल सापडतं, पण ते श्रीमंती काम. तुम्ही साधं तिरक्या रेघांचं घ्या. दुकानात ‘हेरिंगबोन’ मिळेल, तेही चालून जातं.

बर्फातला_बटाटेवडा

माझा अनुभव, म्हणजे तुम्ही तरी शहाणे व्हाल. मी स्टॉकहोमजवळ एका गटात होतो. भारी ते बरं या हिशेबाने ७०० ग्रॅमचं मेल्टन घेतलं, ओव्हरकोटाचं असतं ते. लोकर शंभर टक्के, काडी लावून बघितली, सगळं ठीक. घरी आणून खांद्यावर टाकलं तर फळीसारखं उभं राहिलं. पडतच नाही! आरशात मी म्हणजे गणपतीच्या मागची मखर.

पुढे कहर. ब्रॉन्झची गोल कडी आणि लांब काटा असा ब्रोच होता, चांगला महागातला. काटा कापडात जाईना. जोर लावला तर काटा वाकला. मग मोच्याच्या आरीने भोक पाडलं आणि दर वेळी त्याच भोकातून काटा घालत बसलो. तासाभरात भोकाचं बिळ झालं.

नंतर एका म्हातारबाने समजावलं. मेल्टन विणल्यावर गरम पाण्यात इतकं तुडवून दाबलेलं असतं की धागे एकमेकांत मिसळून जातात. वर ते कातरून गुळगुळीत करतात. ते रूप खूप नंतरच्या शतकांचं. तुमच्या काळाचं कापड असं हवं की जाड काटा धाग्यांच्या मधून वाट काढून जाईल आणि काढला की वाट पुन्हा मिटेल. दुकानात जाताना ब्रोच बरोबर न्या आणि कोपऱ्यात टोचून बघा. दुकानदार बघतच राहतो, बघू दे.

आजीची_गोधडी

‘गणपतीच्या मागची मखर’ 😂 नातवाला वाचून दाखवलं.

टकमक

धागा वायकिंगांचा आहे, तरी अवांतर करतो, माफी असावी.

आमच्याकडे गडावरच्या कार्यक्रमांत हल्ली जो तो पाठीवर लाल मखमली क्लोक सोडून उभा असतो. खांद्यावर दोन्हीकडे बिल्ले, मागे लोळणारं कापड. विचारलं तर म्हणतात, मालिकेत होतं. शिवकाळातल्या डच चित्रांत महाराज बघा. अंगात जामा, कमरेला पटका, डोक्याला पगडी. पाठीवर लोंबणारं काही नाही. आणि ती मखमल म्हणजे निव्वळ पॉलिएस्टर. जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेकाला ते घालून चढलेला एक पोरगा निम्म्या वाटेवर बसकण मारून बसला होता, सगळं अंग घामाने निथळत होतं. शेजारून एक मावशी घोंगडीची खोळ घेऊन पावसात आरामात चालल्या होत्या. मावळ्याच्या अंगावर पावसात काय असेल, त्याचं उत्तर मावशींच्या डोक्यावर होतं.

जुनापुराणा

टकमक, पूर्ण सहमत. फक्त एक भर. जाड विलायती लोकर आपल्याकडे नव्हतीच असं नाही. बनात आणि सकलाद हे शब्द जुन्या मराठी कागदांत येतात ते त्याच कापडासाठी. इंग्रज कंपनीवाले आपली बनात इथे खपवायला धडपडायचे. आपल्या उन्हात ती घालणार कोण! तरी दरबारी मानपानात तिला भाव होता.

आणि बुरणूस. लोकर दाबून केलेलं जाड पांघरूण, काही घरांत अजून असेल. अरबीत बुर्नुस म्हणजे टोपीवाला क्लोक. शब्द वाळवंटातून आपल्याकडे येईस्तोवर टोपी गळून पडली आणि पांघरूण उरलं.

रिकामटेकडा

प्रतिसाद काढून टाकला आहे. (मखमलीच्या बाजूने लिहिणार होतो, हिंमत झाली नाही.)

मागावरचा

घोंगडीबद्दल कुणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या घरात दोन पिढ्या मागावर होत्या.

ताई, तुमची घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची असणार. ही लोकर राठ आणि आखूड. काळा रंग मेंढीचाच, रंगवलेला नाही. धनगर कातरतात, घरात सूत कातलं जातं, सनगर विणतात. खड्ड्यातल्या मागावर, साध्या विणीत. माग अरुंद, म्हणून दोन पट्टे विणून मधोमध जोडतात. तुमच्या घोंगडीच्या मधून शिवण गेलेली असेल, हात फिरवून बघा.

आणि ती कडक लागते ते कशाने? चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून, कुटून, शिजवून त्याची लापशी करतात आणि ताण्यावर कुंच्याने चढवतात, म्हणजे राठ धागा मागावर तुटत नाही. नवी घोंगडी म्हणूनच पुठ्ठ्यासारखी असते. वापरून, भिजून, उन्हात पडून मऊ होते. आजोबांची म्हणजे एव्हाना मऊ झाली असेल. पण कधी धुतली नसेल आणि यॉर्कच्या पावसात पहिल्यांदा चिंब झाली, तर उरलीसुरली खळ सुटेल आणि हाताला चिकट लागेल. घाबरू नका, खराब झालेली नसते. मशीनला मात्र लावू नका, लहान मुलाची होऊन बाहेर येईल.

वायकिंग म्हणून ती खपेल का? माझ्या मते जवळून नाही. त्यांच्या उत्तरेकडच्या मेंढ्यांना दुहेरी अंगरखा असतो, वर लांब राठ केस, खाली मऊ लोकर. सूत वेगळं, वीण वेगळी. पण रात्री तळावर अंगावर घ्यायला तिच्यासारखं काही नाही.

लीड्सची_सांगलीकर

मागावरचा, आत्ता उठून बघितलं. मधून शिवण आहे! जाड काळ्या धाग्याची, तिरके टाके. इतकी वर्षं ही घोंगडी बघतेय आणि ती दोन पट्ट्यांची आहे हे आज कळलं.

बाकी मधल्या काळात मी एक शहाणपणा केला, तो सांगते. तुमचे प्रतिसाद येण्याआधीच ते देशी दुकानातलं ब्लँकेट उचललं होतं. काडीची परीक्षा आता घेतली. उभा धागा वितळून मणी, आडव्याला केसांचा वास आणि मणी दोन्ही. परवाच्या सरावात ते पांघरून चुलीशी बसले होते. लाकूड तडतडलं, तीन ठिणग्या आल्या, तीन भोकं. कडा प्लास्टिकसारख्या कडक. वरून गटातल्या कपडे तपासणाऱ्या काकांनी बघून फक्त भुवई उचलली. लेबल उलटून वाचलं तर गाव पानिपत.

म्हणजे माझ्या क्लोकचं अक्षरशः पानिपत झालं.

उभाआडवा

😂😂 या वाक्यासाठी ब्लँकेटचे पैसे वसूल.

पानिपतचा दोष नाही हो. तिथे परदेशातून येणारे जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात. असल्या मालाला शॉडी म्हणतात. धागा आखूड, त्याला बळ यावं म्हणून कृत्रिम धागा मिसळतात. गंमत म्हणजे ही युक्ती तुमच्याच शेजारची. १८१३ च्या सुमारास लीड्सजवळच्या बॅटलीत चिंध्यांपासून लोकरी कापड करायला सुरुवात झाली आणि तो अख्खा टापू त्यावर मोठा झाला. तुम्ही घेतलंत ते ब्लँकेट म्हणजे माहेरी आलेली लेक.

आजीची_गोधडी

अगं, भाजलं नाही ना कुठे?

लीड्सची_सांगलीकर

नाही आजी. आत लोकरीचा पोशाख होता, त्याला डागही नाही.

जुनापुराणा

ब्रिटन आणि क्लोक हे नातं वायकिंगांच्याही आधीचं आहे. ३०१ साली रोमन सम्राट डायोक्लेशियनने साम्राज्यभरच्या वस्तूंचे कमाल भाव ठरवून दिले. त्यात ‘बिरस ब्रिटानिकस’ म्हणजे ब्रिटनचा टोपीवाला क्लोक आहे, भाव ६,००० दिनार. त्याच यादीत शेतमजुराची रोजी जेवणासह २५ दिनार. हिशेब करा, २४० दिवसांची मजुरी. तेव्हा मीटरचा भाव ऐकून कुरकुर करू नका!

बर्फातला_बटाटेवडा

आणि आइसलँडवाल्यांची गोष्ट राहिली. तिथे विणतानाच लोकरीच्या बटा घालून लांब केसाळ क्लोक करायचे, दिसायला मेंढीच्या कातड्यासारखा. असे क्लोक भरून एक जहाज नॉर्वेला आलं, पण गिऱ्हाईक फिरकेना. राजा हॅरल्ड धक्क्यावर आला, खलाशांनी आपलं रडगाणं गायलं. राजाने एक करडा क्लोक मागून घेतला आणि तिथेच पांघरला. मग काय, दरबाऱ्यांची झुंबड, जहाज रिकामं. राजाचं नाव पडलं ‘करड्या क्लोकचा हॅरल्ड’. हे कथेतलं, खरंखोटं हॅरल्ड जाणे. पण केसाळ विणीचे तुकडे खरोखर सापडलेत.

तुम्ही त्या फंदात पडू नका. मी एकाला तसा विणताना बघितलंय, वर्ष गेलं आणि बायको बोलायची थांबली.

सुईदोरा

रंगाचं राहिलं. ताई, काळाभोर घेऊ नका, जो तो तोच घेतो. गडद काळा रंगवणं तेव्हा सोपं नव्हतं. मेंढीचे आपले रंग घ्या, करडा, तपकिरी, मळकट पांढरा. रंगीतच हवा तर यॉर्कच्या व्यापाऱ्याघरी लाल शोभेल. कॉपरगेटच्या कापडांत मॅडरचा लाल सापडलाय. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठाची चुलत बहीण. आपण रंग पक्का करायला तुरटी घालतो, तिथे त्या कामासाठी एक शेवाळासारखी वनस्पती स्कँडिनेव्हियातून यायची, तिचे अवशेष कॉपरगेटला मिळालेत. निळा हवा तर वोड नावाची वनस्पती, त्यातला रंग रेणूसकट आपल्या निळीचाच.

दुकानातलं रासायनिक रंगाचं कापड चालतं, फक्त छटा त्यांच्या आवाक्यातली असावी. मंजिष्ठाचा लाल विटकरीकडे झुकतो. कापड उन्हात नेऊन बघा. रस्त्यावरच्या सिग्नलसारखं डोळ्यांत घुसलं तर ठेवून द्या.

कडेला दशा सुटत असतील तर लोकरीच्याच धाग्याने हाताने दुमड घाला. मशीनची शिवण कपडे तपासणाऱ्यांना लांबून दिसते. आणि कापड आणल्यावर कापायच्या आधी कोमट पाण्यात भिजवून आडवं वाळवा. आटायचं ते आधीच आटू दे. म्हणून दहा-पंधरा सेंमी जास्तच घ्या.

लीड्सची_सांगलीकर

तीन आठवड्यांनी अपडेट.

इथल्या एका गिरणीच्या दुकानात उरलेल्या तुकड्यांचा ढीग असतो, तिथे बसून शोधलं. ब्रोच पर्समध्ये होता. पहिलं कापड सुंदर, पण काटा जाईना, ठेवलं. दुसऱ्यात काटा गेला, पण काढल्यावर भोक तसंच. तिसरं मिळालं, ट्विल, तपकिरी आणि करडे धागे मिसळलेलं, ४६० ग्रॅम. काटा लोण्यातून गेल्यासारखा गेला आणि काढल्यावर नख फिरवलं तर जागाही सापडेना. दोन मीटर घेतलं. दुकानातल्या बाईंनी विचारलं, कोट शिवणार का? म्हटलं नाही, काही नाही शिवणार. त्यांनी दोनदा विचारलं.

भिजवल्यावर ७ सेंमी आटलं. कडेला हाताने दुमड घालतेय. हुक-काजवाल्या हातांनी घातलेली आहे, जवळून बघू नका.

आता शेवटचा प्रश्न. उन्हाळ्यात हे ठेवायचं कसं? आमच्या घरात कसर आहे, मागच्या वर्षी एक स्वेटर चाळणी करून टाकला.

आजीची_गोधडी

स्वच्छ करून ठेवायचं, हे पहिलं. घाम आणि तेलकट डाग असले की कसर तिथेच बसते. उन्हात टाकून झटकायचं. आम्ही कडुलिंबाचा पाला ठेवायचो, तिकडे कुठला मिळणार.

उभाआडवा

शंका असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे. संग्रहालयवालेही थंडीच वापरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर कापडावर पाणी धरतं. घोंगडीही त्याच फेरीत टाका.

लीड्सची_सांगलीकर

फ्रीजरमध्ये सध्या आईने पाठवलेल्या पुरणपोळ्या आहेत. आधी त्या संपवते.

लीड्सची_सांगलीकर

महोत्सव झाला! शनिवारी दिवसभर कोरडी थंडी, क्लोकने कमाल केली. कपडे तपासणाऱ्या काकांनी कोपरा बोटांत धरून चोळला, तिरक्या रेघा बघितल्या आणि ‘हं’ म्हणाले. त्यांच्याकडून ‘हं’ म्हणजे पदक असतं म्हणे.

रविवारी दुपारनंतर पाऊस. प्रेक्षक पांगले, आम्ही सामान आवरत होतो. क्लोक जड झाला होता म्हणून काढून ठेवला आणि घोंगडी डोक्यावर घेतली. पण ती सारखी घसरत होती, एक हात धरण्यातच गेला. टकमक, त्या मावशींची खोळ कशी राहते डोक्यावर?

टकमक

ताई, नुसती पांघरायची नाही. घोंगडी लांबीत दुमडून दोन पदर करा. आता वरच्या आखूड बाजूचे दोन कोपरे एकावर एक आले असतील. ते दोन्ही धरून दोरीने आवळून गाठ मारा. उघडलं की तिथे टोपरं तयार होतं, ते डोक्यावर घ्यायचं. गाठ मागे येते आणि बाकीची घोंगडी दोन्ही खांद्यांवरून पाठीवर. हात मोकळे. आमच्याकडे लावणीच्या वेळी बायका अशाच दिवसभर वाकून काम करतात.

मागावरचा

आणि शिवणीची बाजू बाहेर घेऊ नका, पाणी तिथूनच झिरपतं.

लीड्सची_सांगलीकर

जमलं. स्वयंपाकघरात उभी राहून बघितलं. आईला व्हिडिओ कॉल लावला तर पहिलं वाक्य, ‘अगो बाई, तिकडे एवढा पाऊस आहे का घरात?’